उजव्या सीटची नळी

—नाही नाही, फडक्याने पुसू नका बुधाकाका, फडक्याने तो आणखी आत जातो, तनयने सकाळी तेच केलं. शेंदूर आहे. हो, शेंदूरच, ऑक्सिजनच्या सिलिंडरला! हसा तुम्ही, पंचवटीत आमच्या घरी परवापासून कोणी हसलेलं नाही. इतकी वर्षं हॉस्पिटलांत ऑक्सिजनच्या लायनी टाकल्यात तुम्ही, असं कधी पाहिलं नसेल. कांद्याच्या जुन्या गोडाऊनमध्ये विमानही पाहिलं नसेल म्हणा. या, इकडून, पंखाखालून — वाका, वाका — लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मी दोनदा डोकं आपटून घेतलंय तिथे. तनय येईल इतक्यात, धुवायचं औषध आणायला अंबडला गेलाय.

तर झालं काय, परवा खंडेनवमी. लोक हत्यारं पुजतात, मशिनी पुजतात, आमच्याकडे विमान. सहा वर्षं हे जोडतोय माझा नवरा, सुटे भाग मागवून, नोकरी सांभाळून, आणि मला येऊन पाच महिने — म्हणजे घरात थोरलं हे, धाकटी मी. सासरे आमचे चिंतामण गुरुजी, त्यांनी पंख्याला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि मग त्यांना दिसला सीटांमागचा हा नवाकोरा सिलिंडर. "हे रे काय?" तनय म्हणाला, "बाबा, खूप वर गेलं की हवा विरळ होते, तेव्हा श्वासाला." झालं! श्वास म्हणजे वायू, वायू म्हणजे मारुती, आणि मारुतीला शेंदूर — तोही रीतसर तेलात कालवलेला. तनय बाहेर नारळ फोडतोय आणि इकडे गुरुजींनी व्हॉल्व्हच्या तोंडाशीच ठसठशीत टिळा ओढला, ओघळ थेट आट्यांत. तेल आणि ऑक्सिजन! तुम्हाला काय सांगायचं, पेटायला ठिणगीसुद्धा लागत नाही म्हणे.

मला कसं माहीत? पुस्तिकेत आहे की, पान चार, लाल चौकटीत. तनयनेही वाचलंय, पण तो आकृत्या बघतो, मी मजकूर वाचते. नाही, तेव्हा बोलले नाही मी. नवी सून, सासरे मंत्र म्हणतायत, मध्येच "थांबा, स्फोट होईल" असं म्हणतात का? — नाही ना. आणि सिलिंडर रिकामा होता हो, सोमवारी भरायला जायचा होता, काटा मी आधीच बघून घेतला होता — म्हणजे, दिसला. आरती झाली, प्रसाद झाला, मग सांगितलं मी तनयला, हळूच. पुस्तिका काढून पान चार वाचलं त्याने, दोनदा. व्हॉल्व्ह, नळ्या, जोड, सगळं उघडायचं, सगळं धुवायचं. बाबांनी तर तेव्हापासून प्रायश्चित्त म्हणून वरणावर तूप घेणं सोडलंय. त्याचं मात्र वाईट वाटतं मला.

तुम्ही सटाण्याचे ना? बोलण्यावरून वाटलंच. मी नामपूरची. बघा, म्हणून एवढी बोलतेय, नाहीतर इथे सगळ्यांना वाटतं सुनेला जीभच नाही. तुम्हाला म्हणून दाखवते — ही नळी सिलिंडरपासून निघते आणि येते कुठे? डाव्या सीटपाशी. तोटी एक. सीटा किती? दोन! आता तनयच्या या आकृतीत उजव्या सीटपुढे काय लिहिलंय वाचा. "सामान, पंचवीस किलो." मी एक्कावन्न आहे. आकृती लग्नाआधीची आहे, मान्य, तेव्हा मी नव्हतेच, रागवायचं कोणावर? पण मी येऊनही आकृती तीच राहिली ना. एकदा विचारलं मी, कळसूबाई किती उंच रे? म्हणाला, पाच हजार चारशे फूट, तिला नाही लागत ऑक्सिजन, तो लागतो दहा हजारांच्या वर. मग कुठे जायचंय? डोळे असे लकाकले त्याचे! परवाने मिळाले की लेह, म्हणाला. कुठे उतरायचं, कुठे इंधन घ्यायचं, सगळं सांगितलं, अर्धा तास. उजव्या सीटवर तंबू आणि स्टोव्ह. म्हणजे दहा हजार फुटांपर्यंत मी बायको, त्याच्यावर तंबू.

आमच्या नामपूरच्या आईला फोनवर सांगितलं तर ती काय म्हणते, "इमान घरनं शे ना? मंग जाईसन बस ना त्यामा!" जाऊन बस म्हणायला तिला सोपं आहे. मला नाही येत मागता. मागून मिळालेली सीट आणि आपली सीट, फरक असतो हो त्यात.

म्हणून म्हटलं, एवीतेवी सगळं उघडलंच आहे, तर इथे एक टी-जोड टाकून दुसरी तोटी काढता येईल? येईल ना? मला वाटलंच. नळी चार फूट तीन इंच लागेल, वळणासकट. मोजली कशी? बसून मोजली. दुपारी कोणी नसतं इथे. पट्टा लावून बसते कधीकधी — नुसतीच.

मुद्दाम? अगबाई, काका, काहीतरीच काय! शेंदूर बाबांनी लावला. बाबांनी न बघता हात मागे केला, मी वाटी पुढे केली, एवढंच. हो, ताटात कोरडं कुंकूही होतं. शेंदराची वाटी जवळ होती. — बरं, फार जवळ नव्हती. बाबांना सांगणार आहे मी, तूप सुरू करायला लावणार आहे, पण आधी हे होऊ दे.

तनयसाहेबांना विचारल्याशिवाय नाही? बरोबर आहे, काम तुमच्या नावावर. मग विचारा, पण दुसरी तोटी हवी का, असं नका विचारू; कुठल्या बाजूला काढू, असं विचारा. त्याची बाइक आली बघा. चहा घ्या, गार होतोय. मी काही बोललेले नाही.

— आलास? काही नाही रे, काकांना चहा दिला. त्यांना काहीतरी विचारायचंय तुला.

...

उजवीकडे? चालेल की. मला काय विचारतोस, मला त्यातलं काय कळतं? नळी किती लांब ते मी कसं सांग—

चार फूट तीन इंच.

वळणासकट.