गडग्यात गेलेले पिवळे बाण

सोजरबाई चिमाजी लांघी, वय अंदाजे पंचेचाळीस, धंदा शेती व गडाची वाट दाखवणे, राहणार टेपाची वाडी, तालुका खेड, जिल्हा पुणे. आज रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी सासूसह राहते. नवरा मयत आहे. खाचरातला भात आम्हां दोघींना वर्षभर पुरत नाही, म्हणून सुटीच्या दिवशी पिंपरी-चिंचवडकडून येणाऱ्या कंपनीच्या लोकांना मी गडावर नेते-आणते. माझ्याबरोबर गेलेला एकही माणूस आजवर हरवलेला नाही. तक्रारदार उद्धवराव साहेब अशाच एका कंपनीत सुपरवायझर आहेत. मी मुद्दाम वाट चुकवली, सबब मला गडावर माणसे नेण्यास बंदी करावी, असे त्यांचे म्हणणे आहे. बंदी झाली तर आम्ही खायचे काय, हे त्यांच्या तक्रारीत लिहिलेले नाही.

गेल्या शिमग्यात साहेब पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आले व वाटेवरच्या दगडांवर त्यांनी गडाच्या दिशेने बाण काढले. कंपनीत जमिनीवर असेच पट्टे असतात, त्याबाहेर कोणी पाऊल टाकत नाही, असे त्यांनी मला समजावून सांगितले. मी केलेला चहा पिऊन ते म्हणाले, "बाई, आता बाण बोलतील. तुमची गरज नाही." मला राग आला. आला नाही असे लिहू नये.

खाचराभोवतीचा गडगा, म्हणजे दगडांचा बांध, दरसाल वैशाखात नीट करावा लागतो. त्यासाठी मी व सासूने वाटेवरचे सुटे दगड उचलले. त्यात रंगवलेलेही आले. दगड आमच्याच रानातले आहेत. गडगा रचताना दगडाची सपाट बाजू बाहेर घेतात, ही आमच्याकडची रीत आहे. साहेबांनी बाण सपाट बाजूवरच काढले, त्याला माझा इलाज नाही. सगळ्या बाणांची टोके एकाच अंगाला कशी आली, असे विचारल्यावरून सांगते की, मी अडाणी बाई आहे, मला वाचता येत नाही. बाण वाचावा लागत नाही, असे जबाब घेणारे जमादार म्हणाले.

गेल्या रविवारी दाट धुके होते. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. साहेब पुढे व कंपनीचे लोक मागे ओळीने, असे गडग्याच्या कडेने गेले. थोड्या वेळाने त्याच बाजूने पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला सासू म्हणाली, "खाचराला कुणी नवस बोललं व्हतं का?" मी तिला गप्प केले. हाक का मारली नाही, तर माझी गरज नाही असे साहेबांनीच सांगून ठेवले होते.

त्यांच्यातला ज्योतीराम नावाचा कामगार म्हणाला, "साहेब, ही म्हस आपण मघाशीच बघितली." त्यावर साहेब म्हणाले, "म्हशी सगळ्या सारख्याच दिसतात. बाण मी स्वतः काढलाय, तो चुकायचा नाही." मागच्या लोकांना सगळे कळले होते, ते तोंड दाबून हसत होते. पण ओव्हरटाइम साहेबांच्या हातात असल्याने ओळ कोणी सोडली नाही. पुढे साहेबांचा पाय घसरला व ते खाचरात गुडघ्यापर्यंत रुतले. मी त्यांना हाताला धरून काढले, पाय धुवायला ऊन पाणी दिले, सर्वांना भाकरी घातली व सडकेला पोचवले. मी ढकलले हे खोटे आहे. मनात आले होते, पण तेव्हा मी ओटीवर होते.

जागेचा पंचनामा उद्या करायचा आहे, असे जमादारांनी सांगितले. साहेबांना ती जागा कोठे आहे हे सांगता आले नाही. जमादारही तिकडे कधी गेलेले नाहीत. सबब दोघांनाही मीच घेऊन जावे असे ठरले आहे. माझी मजुरी नेहमीप्रमाणे राहील, व दोघांनीही माझ्या मागून चालावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, म्हणून खाली अंगठा उठवते.