बिनचुंबकाचा पट्टा

नाही हो, चुंबकाचा नकोच, तेच तर सांगतेय मघापासून! पट्टा असाच, कमरेचा, मागे ताठ कांड्या घातलेला—पण साधा. स्वस्त पडतो म्हणून नाही, हवं तर जास्त घ्या तुम्ही, पण एकही चुंबक नको त्यात, शिवलेला नको, लपवलेला नको—हे बघा, पर्समध्ये होकायंत्र आहे माझ्या, तपासून घेणार मी. मला? छे, माझी कंबर ठणठणीत आहे. आमच्या ह्यांना—म्हणजे ह्यांना नाही, एका सहकाऱ्यांना. घेर चाळीस. अडतीस होता, पण आता वाढला असणार, एकटा माणूस, बाहेरचं खाणं... मला कसा माहीत म्हणजे? अहो, अंदाज असतो माणसाला!

चुंबकानं दुखणं ओढून घेतलं जातं? बरं, तुम्ही म्हणता तर तसं. पण चुंबक खरंच काय करतो ते मला विचारा, आयुष्य गेलंय त्यात. दुसरं गिऱ्हाईक नाहीये ना? मग ऐका. मी संशोधन करते—तळमजल्यावर अंधारी खोली, खोलीत काळी पेटी, पेटीत एवढीशी काचेची कुपी. कुपीतल्या द्रावणावर जांभळा किरण सोडला, की ते हिरवट-निळं उजळतं. इतकं देखणं दिसतं म्हणून सांगू! आणि गंमत अशी, की जवळ चुंबक आणला तर तो उजेड वाढतो. किंचितच हं—डोळ्याला पत्ता लागत नाही, यंत्राला लागतो. आता कुपीत लोखंड म्हणाल तर औषधालाही नाही, सगळे सेंद्रिय रेणू, कार्बनच्या गोतावळ्यातले. मग चुंबक धरतो कुणाला? तर किरण पडला की एका रेणूतला इलेक्ट्रॉन उडी मारून शेजारच्या रेणूत जातो. जोडीतला एक इकडे, एक तिकडे. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे स्वतःच एक इवलासा चुंबक—दोघांच्या दिशांचा मेळ टिकून असताना ते परत भेटले, तर उजेड पडतो. मधल्या वेळात मेळ बिघडला, तर नुसतेच विझतात. आणि बाहेरचा चुंबक काय करतो, तो मेळ सहसा बिघडू देत नाही. संपलं. हसताय काय? इलेक्ट्रॉनांबद्दल बोलतेय मी!

तर झालं काय, गेल्या महिन्यात माझा उजेड रोज जेवणाच्या सुट्टीत वाढायला लागला. सकाळभर आलेख सपाट, मी जेवायला गेले की वर चढतो, मी परत येईपर्यंत पुन्हा सपाट. मी तर हरखलेच! म्हटलं, नवीन काहीतरी सापडलं—आणि जाऊन विभागप्रमुखांना सांगून बसले. त्यांनी लगेच परिषदेत माझं नाव दिलं. आता आली का पंचाईत? कारण मनात धाकधूक. लिफ्ट बंद ठेवून पाहिली, सफाईवाल्या मावशींची ढकलगाडी दुसऱ्या वाटेनं पाठवली—मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. सुट्टीच्या दिवशी जाऊन बसले, काही नाही. मी खोलीत असले तर काही नाही. मी नसतानाच वाढतो, हा कुठला निसर्गनियम?

मग एकदा चष्मा विसरला म्हणून अर्ध्या जेवणातून उठून आले. दार ढकललं तर हे पेटीवर ओणवे! हे म्हणजे—ते. सहकारी. वरच्या मजल्यावर बसतात. डोळा पेटीच्या झरोक्यातल्या भिंगाला लावलेला, पोट पेटीला टेकलेलं, आणि शर्टाखालून पट्ट्याची कड दिसतेय, हा तुम्ही मघाशी दाखवलात ना, हाच, पुढून-मागून चुंबक ठोकलेला! रसायनशास्त्राचे डॉक्टर! माझ्या आईच्या हातात चुंबकाचं कडं असायचं, तर हा माणूस रोज जेवताना तिची टिंगल करायचा. हो, माझ्या आईची. रोज म्हणजे... बरं, आता लपवून काय करायचं, नवरा होता माझा. बरीच वर्षं झाली वेगळं होऊन.

तुम्हाला म्हणून सांगते, कुपीतला रेणू त्यांचाच. त्यांनी त्याची पावडर बनवायची, मी उजेड मोजायचा, लग्नाच्या आधीपासून असंच चाललेलं. एकदा आकडे जुळेनात. मी भर सभेत म्हटलं, पावडर शुद्ध नाही. ते म्हणाले, यंत्र नीट लावता येत नाही. मग ते भांडण घरी आलं, चहात आलं, झोपायच्या खोलीत आलं, आणि शेवटी ते बॅग भरून गेले. अजून ठरलेलं नाही कोण बरोबर ते.

नाही, हाक नाही मारली. काय म्हणून मारायची? चष्मा तिथेच ठेवून हळूच दार लावून घेतलं. आता म्हणाल, कुलूप बदलायचं होतं—अहो, वेळ कुठाय मला! आणि पावडर तरी शेवटची तेवढीच उरलीय, त्यांच्या हातची. दुसरीकडून मागवली होती एकदा. उजळते, नाही असं नाही. पण अशी नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही हं, तुम्हीही बोलू नका कुठे.

मग काय, विभागप्रमुखांकडे जाऊन कबूल केलं, शोध-बिध काही नाही, कुणाचा तरी चुंबक आहे. ते म्हणाले, "कुणाचा?" मी म्हटलं, "तपास चालू आहे." आणि परवा चहाला सगळे जमले होते, तेव्हा मोठ्यानं म्हटलं, "माझ्या खोलीत कुणी चुंबक आणू नये, मोजमाप बिघडतं." हे आपले कपात चमचा फिरवत होते. साखर घेतच नाहीत, तरी फिरवत होते. मलाच कसंतरी झालं, म्हणून वर म्हटलं, "यायला हरकत नाही. चुंबक तेवढा नको."

झालं, काल दुपारी आलेख सपाट. आजही सपाट. येणंच बंद केलं त्यांनी! हवं होतं तेच झालं म्हणा... पण कंबर दुखते हो त्यांची, पूर्वीपासूनच. म्हणून म्हटलं, साधा पट्टा पेटीजवळच्या स्टुलावर ठेवून द्यावा, न बोलता. समजायचं ते समजतील. हा बरा आहे, हा बांधा. होकायंत्र बघा—हललं नाही, शाब्बास.

काय म्हणालात? काल? कोण? बिनचुंबकाचाच मागितला? चाळीस घेराचा... चष्मा कपाळावर सारलेला होता का हो? सकाळीच? दुकान उघडता उघडता? आणि इथेच कमरेला बांधून गेले?

म्हणजे काल दुपारी... आणि आजसुद्धा... आणि मी आपली सपाट आलेख बघून—

नाही, काही झालं नाही मला. पाणी नको. तो पट्टा ठेवून द्या आत. आहे त्यांच्याकडे.