शाहीनआपांसंग भेटलेली सुट्टी

बायांनो, भाऊ हो, अन् आपांच्या घरच्यांनो, कामधंदा सोडून तुम्ही सगळे आपांच्या शोकसभेले आले. मले बोलाले उभं केलं, पण मले भाषण देता येत नाही. सांभाळून घ्या.

मी वनिता. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कारखान्यात शाहीनआपा अन् मी एकाच टेबलावर पॅकिंग करत होतो. बाभुळगावहून जाणं-येणंही एकाच एसटीनं.

एक दिवस गाडी रस्त्यातच बंद पडली. दुसरी येईपर्यंत उशीर झाला. गेटवाल्यानं आत घेतलं नाही. हात जोडले, तरी नाही. तवा माह्या नवऱ्याचं काम सुटलं होतं, घर माह्याच भरवशावर. तरी माहं डोकं फिरलं. गळ्यातलं ओळखपत्र काढलं अन् त्याच्या तोंडावर फेकाले निघाली. नोकरीच नको म्हटलं. आपांनी माहं मनगट धरलं. जोरात नाही. नुसतं धरलं.

मी म्हटलं, आपा, तुमाले रागच येत नाही काय?

त्या म्हणाल्या, "येते ना. मले काहून नाही येणार? पण राग उतरल्यावर तुले घरी जाऊन सांगा लागंल, नोकरी सोडली म्हणून. बस जरा."

समोरच्या कडुलिंबाखाली बसवलं. पाणी पाजलं. मी रडत राह्यली. मग आम्ही भर सकाळीच डबे उघडले. जेवता जेवता त्या म्हणाल्या, आज संध्याकाळपर्यंत आपल्याले कोणी शोधणार नाही.

मग यवतमाळात गेलो. बांगड्या हातात घालून पाह्यल्या, घेतल्या नाही. बगिच्यात गेलो. आपा झुल्यावर बसल्या. पन्नाशीची बाई, पदर खोचून झुलून राह्यली होती अन् हसून राह्यली होती. लग्न झाल्यापासून असा रिकामा दिवस पाह्यला नाही, म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गेटवाल्याले रोजच्यासारखा सलाम केला. आम्ही आत गेलो. ती नोकरी आजही माह्यापाशी आहे.

लोक म्हणतात, आपांनी वनिताले शांत राहाले शिकवलं. कुठचं शिकवलं? परवा पॅकिंगची मशीन अडली, अन् मी तिच्यावर हात उगारला. मी बाजूले पाह्यलं. तिथं आता नवी पोरगी बसते. चांगली आहे बिचारी. पण तिनं माहं मनगट काहून धरावं?

आपा, मी शांत कधीच नव्हती. तुम्ही बाजूले होत्या.

झालं माहं बोलणं. आता घडीभर कोणीच काही बोलू नका. ज्याच्या त्याच्या मनातल्या आपांजवळ बसून राहू. आपा, सलाम.