कोटांपुढचं भाषण

ऑर्विल : ...आणि म्हणून, सभापतीबाई, आज सगळ्या गावासमोर मी आपल्यामार्फत विचारतो. साहेब, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? ओढ्यावरचा पूल बंद करून तुम्ही दुसरा हिवाळा गिळलात! दोन पिंपं आडवी टाकलीत, 'रस्ता बंद'ची पाटी ठोकलीत आणि घरी जाऊन तंगड्या पसरून झोपलात! चंद्रावर माणूस उतरवणारा हा देश, आणि त्या देशात आमच्या बार्लो गावाला ओढ्यावर चार फळ्या टाकता येईनात? तुम्ही रस्तेप्रमुख आहात की...

डेल्फीन : ऑर्विल.

ऑर्विल : थांब, आत्ता कुठे रंग चढतोय. ...की शेतातलं बुजगावणं? बुजगावण्याला निदान कावळे तरी भितात!

डेल्फीन : ऑर्विल, तू खुंट्यांवरच्या कोटांशी बोलतोयस.

ऑर्विल : दिसतंय मला. सराव करतोय. ही खुंट्यांची रांग म्हणजे गाव. तो हिरवा कोट म्हणजे सभापतीबाई. जेवणं आटोपली की 'इतर विषय' येतो, तेव्हा वाटेल त्या नागरिकाला उभं राहता येतं. हे भाषण मी आंघोळीत म्हटलंय, गोठ्यात म्हटलंय. गाय रडली होती.

डेल्फीन : गायीचे डोळे आले होते. बरं, हे साहेब साहेब काय लावलंयस? रस्तेप्रमुख कोण ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मर्ल! आपला शेजारी! सकाळी सभेत तुझ्या मांडीला मांडी लावून बसला होता.

ऑर्विल : नाव घ्यायचं नसतं. गावसभेचा रिवाज आहे, माझ्या पणजोबांच्या आधीपासूनचा. समोरच्याशी थेट बोलायचं नाही, जे काय ओकायचं ते सभापतींमार्फत. म्हणून तर इतक्या वर्षांत या सभागृहात कुणी कुणाचं डोकं फोडलेलं नाही.

डेल्फीन : वॉशिंग्टनमध्येही सभापतींमार्फतच बोलतात की. तिथे काय उजेड पडतो?

ऑर्विल : तिथे जेवण ज्याचं त्याचं असतं! इथे ज्याला शिव्या द्यायच्या, त्याच्याच बायकोनं शिजवलेल्या बीन्स दुपारी गिळायच्या असतात. त्यानं जीभ ताळ्यावर राहते. तिकडे एकमत कशावर होतं माहीत आहे? पोस्टाच्या इमारतीला कुणाचं नाव द्यायचं यावर. बाकी सगळा आरडाओरडा. आणि मत मागायला आले की प्रत्येकाचं एकच पालुपद : मी तुमच्यासाठी लढेन! अरे, कुणाशी? माझ्या आयुष्यात माझं कुणाशी भांडण नाही आणि माझ्या वतीनं लढायला ही फौज! लढू नका बाबांनो. हातोडी घ्या. खिळा ठोका.

डेल्फीन : हळू. आत लोक जेवतायत.

ऑर्विल : जेवू देत. आणि फोनवरचे ते निरोप! 'ऑर्विल, ही शेवटची संधी, पाच डॉलर पाठव, नाहीतर देश बुडाला.' दर आठवड्याला शेवटची संधी! देश बुडतो, सोमवारी वर येतो, शुक्रवारी पुन्हा बुडतो. बदक आहे का ते? टीव्ही लावावा तर औषधाची जाहिरात. म्हातारा कुत्र्यासोबत बागडतोय, म्हातारी पतंग उडवतेय आणि मागून गोड आवाजात एक जण सांगतोय की हे घेतल्यानं यकृत निकामी होऊ शकतं. आणि म्हातारा हसतोय!

डेल्फीन : तू तेच औषध घेतोस.

ऑर्विल : म्हणून तर माहीत आहे! कुठे हसतोय मी?

डेल्फीन : माझ्या राजा, एक सांग. सकाळच्या सत्रात तुझं लक्ष कुठे होतं?

ऑर्विल : सगळ्यांचं असतं तिथेच. स्वयंपाकघराच्या दाराकडे. तुझा तो ॲपल पाय भट्टीतून बाहेर काढलास आणि वास आला. मग काय, मी सगळ्यालाच हात वर करून 'हो' म्हणत सुटलो. वाचनालयाला छप्पर? हो! आगीच्या बंबाला नवी चाकं? हो! जितक्या लवकर हो, तितक्या लवकर जेवण. गाव असंच चालतं.

डेल्फीन : अगदी शेवटचा ठराव कशाचा होता?

ऑर्विल : कुणाला तरी कुठेतरी निवडत होते. कुत्री पकडणारा असेल. मी तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो.

डेल्फीन : ऐकलं मी. स्वयंपाकघरातल्या बशा हलल्या.

मर्ल : इथे आहेस होय! ऑर्विल, गड्या! ये, गळ्यात पड माझ्या!

ऑर्विल : मर्ल? याला काय झालं? हा हसतोय. डेल्फीन, याचे दात कधी बघितले होतेस तू?

डेल्फीन : लग्नात. त्याच्या.

मर्ल : हे घे. किल्ली. रस्ता खरवडायच्या यंत्राची. तिसरा गिअर शिव्या दिल्याशिवाय पडत नाही. तुला जमेल.

ऑर्विल : मला कशाला?

मर्ल : सांगितलं नाहीस होय वहिनी?

डेल्फीन : भाषणाच्या मध्ये सांगायला फट मिळाली नाही.

मर्ल : मीच सांगतो. ऑर्विल, तू रस्तेप्रमुख झालास. शेवटचा ठराव तोच होता. गाव तुझ्या बाजूनं, विरोधात एक मत नाही. एकमतानं, गड्या! माझ्यावर तर कधी एकमत झालं नव्हतं. माझी सख्खी बहीण विरोधात होती.

ऑर्विल : खोटं! माझं नाव कुणी सुचवलं?

डेल्फीन : मी. स्वयंपाकघराच्या दारातून. तू हातातला ॲपल पाय बघत होतास.

ऑर्विल : तू? आणि अनुमोदन?

मर्ल : मी. खुर्ची पाडून उठलो.

ऑर्विल : आणि हो कोण म्हणालं?

डेल्फीन : तू. सगळ्यांत मोठ्यानं.

ऑर्विल : हा कट आहे! लोकशाहीचा खून आहे!

मर्ल : नाही रे. हीच लोकशाही. मी कसा निवडून आलो होतो? मुतायला गेलो होतो. परत आलो तर टाळ्या. त्यानंतर अकरा वर्षं सभेच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही मी.

ऑर्विल : अरे, पण तू लाल पक्षाच्या पाटीवाला, मी निळ्या पक्षाच्या पाटीवाला! निवडणूक होऊन गेली तरी तुझ्या अंगणातली प्रचाराची पाटी तू काढली नाहीस. मला अनुमोदन देताना तुझी जीभ झडली नाही?

मर्ल : पाटी काढली असती. पण तू काढत नव्हतास.

ऑर्विल : तू काढत नव्हतास म्हणून मी काढली नाही!

डेल्फीन : ऐका. तीनशे माणसांचं गाव आणि दोन पाट्या एकमेकींची वाट बघत बर्फात उभ्या. वर देशात काय वेगळं चाललंय?

ऑर्विल : मी नाही म्हणणार. शपथ जेवणानंतर आहे ना? तोपर्यंत नकार देता येतो. उभा राहीन आणि म्हणेन, सभापतीबाई, मी अपात्र आहे.

मर्ल : ते सगळ्यांना माहीत आहे. तरी निवडलं.

ऑर्विल : मला पुलातलं काय कळतं? मी जन्मभर शाळेची बस चालवली!

मर्ल : मला कळतं. तुळई सडलीय. लाकूड माझ्या कोठारात कापून, वाळवून तयार आहे. गावातली आठ-दहा माणसं आणि मी, पंधरवड्यात उभा करू.

ऑर्विल : मग दोन हिवाळे केला का नाहीस? आं? झोपला होतास ना?

मर्ल : परवानगी. पूल जुना, म्हणून एका ऑफिसला वाटतं त्याला हातही लावू नये. पूल कमजोर, म्हणून दुसऱ्या ऑफिसला वाटतं तो पाडावा. पहिलं म्हणतं दुसऱ्याला विचारा. दुसरं म्हणतं पहिल्याला. मी फोन करतो. यंत्र म्हणतं एक दाबा. दाबतो. म्हणतं चार दाबा. दाबतो. मग नुसतं गाणं वाजत राहतं. शेवटी माणूस येतो आणि विचारतो, काय काम आहे, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटते, ऑर्विल. मी फोन ठेवून देतो. मला लाकडाशी बोलता येतं. माणसांशी नाही.

ऑर्विल : हे मला कधी सांगितलं नाहीस.

मर्ल : तुझं बोलणं थांबलं असतं तर सांगितलं असतं.

डेल्फीन : आता माझं ऐक. रस वाहायला लागलाय. झाडांना बादल्या लागल्या. मेपलच्या पाकाचे हे चार आठवडे, यांवर माझं पॅनकेकचं दुकान वर्षभर जगतं. आणि दुकान ओढ्यापलीकडे. शहरातून गाड्या येतात, पिंपं बघतात, टेकडीमागच्या चिखलाच्या वाटेनं वळतात आणि बुडापर्यंत रुततात. गेल्या वर्षी बॉस्टनचं ते जोडपं आठवतंय?

मर्ल : मीच ओढून काढलं. बाईचा बूट अजून तिथेच आहे.

डेल्फीन : पॅनकेक खायला आले आणि रडत गेले. हे वर्षही तसंच गेलं, तर मी दुकान विकणार आणि फ्लोरिडाला माझ्या बहिणीकडे, जिलेटकडे जाणार. तिनं माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय.

ऑर्विल : ते तू रागानं म्हणाली होतीस.

डेल्फीन : पहिल्यांदा रागानं. आता रंग कोणता ते विचारून घेतलंय.

ऑर्विल : फ्लोरिडात मगरी असतात, डेल्फीन!

डेल्फीन : मगरी निदान दारापर्यंत येतात. माझं गिऱ्हाईक येत नाही.

ऑर्विल : आणि मी? मी काय करू?

डेल्फीन : तू इथे राहा. कोट आहेत की सोबतीला.

मर्ल : मी बाहेर जाऊ का?

डेल्फीन : नाही, थांब. तुझ्यासमोरच सांगते. एक माणूस पूल बांधू शकतो, त्याला बोलता येत नाही. दुसऱ्याला बोलण्यापलीकडे काही येत नाही. आणि हे दोघे शेजारी! दोन हिवाळे मी दोघांना जेवू घालतेय आणि विचार करतेय की यांतून एक अख्खा माणूस कसा करावा. आज सकाळी भट्टीसमोर सुचलं. मर्लला यंत्रावर राहू दे. आणि तुला, ऑर्विल, राज्याच्या राजधानीतल्या त्या दोन ऑफिसांवर मोकळा सोडायचा.

मर्ल : बिचारी माणसं.

डेल्फीन : गोठ्यातली गाय ज्यानं रडवली, तो दोन कारकून रडवू शकणार नाही?

ऑर्विल : डोळे आले होते म्हणालीस ना!

डेल्फीन : म्हणाले. पण थोडी रडलीही होती.

ऑर्विल : ...खरंच?

मर्ल : माझ्या गोठ्यापर्यंत आवाज यायचा. बुजगावण्याचा तुकडा बरा आहे. लागला मला.

ऑर्विल : तू ऐकत होतास? सगळं?

मर्ल : दोन हिवाळे. मध्यंतरी तू कावळे काढले होतेस. परत घातलेस ते बरं केलंस.

ऑर्विल : मर्ल, ते तुला नव्हतं रे. म्हणजे, होतं तुलाच. पण ते... ते वरच्यांना होतं. वरचे लांब आहेत, तू जवळ होतास.

मर्ल : माहीत आहे. म्हणून मघाशी आत काकडी खाल्ली तुझ्या ताटातली. फिटलं.

ऑर्विल : दोन्ही ऑफिसं एकाच गल्लीत आहेत का?

मर्ल : समोरासमोर. खिडकीतून एकमेकांना दिसतात.

ऑर्विल : समोरासमोर! आणि एकमेकांना विचारा म्हणतात! डेल्फीन, डबा भर. मी मधल्या रस्त्यावर उभा राहीन, दोन्ही खिडक्यांना ऐकू जाईल असा. चंद्रापासून सुरुवात करीन. मग पोस्टाची इमारत, मग बदक...

डेल्फीन : बदक नको.

ऑर्विल : बदकाशिवाय मजा नाही! मर्ल, तू गाडी चालव. माझे हात मोकळे हवेत, हातवाऱ्यांना.

मर्ल : मी गाडीतच बसून राहणार.

ऑर्विल : बस. पण काच खाली ठेव. आणि ती लाल पाटी...

मर्ल : तुझी निळी निघाली की.

ऑर्विल : एकदम काढू. एक, दोन, तीन म्हणून.

डेल्फीन : दोघं मोठे झालात की मला कळवा. चला, हात धुवा.

(जेवणानंतर सभागृहात घंटा. खुर्च्या सरकतात. शपथेचे शब्द, टाळ्या, कुणाची तरी शिट्टी.)

ऑर्विल : सभापतीबाई, शपथ झाली, तर मी बसतो. रस्तेप्रमुख म्हणून आज मला विशेष काही बोलायचं नाही.

मर्ल : सभापतीबाई, हे इतिवृत्तात लिहून घ्या. पुन्हा घडायचं नाही.

डेल्फीन : सभापतीबाई, 'इतर विषय' आलाय ना? मग मी एक नागरिक म्हणून उभी आहे. रिवाजाप्रमाणे कुणाचं नाव घेत नाही. आपल्यामार्फत नव्या साहेबांना एवढंच विचारते : तुम्हाला लाज असेल तर सांगा, पूल कधी उघडणार? त्यांना उभं राहून बोलायला लावा. आणि या वेळी उत्तर मला हवंय, कोटांना नको.