घोडा थांबतो तिथे

पेरूमधल्या विनिकुंका डोंगराच्या शेवटच्या चढणीखाली, घोड्यांची वाट संपते तिथे, वाटाड्या एलियास मागे राहिलेल्या प्रवाशांसाठी थांबला होता. शेजारी म्हातारी फोर्तुनाता आणि मार्लेनी, दोघी घोडेवाल्या, कोकाची पानं चघळत बसल्या होत्या.

“आठ वर्षं आपण इथवर घोडे आणतोय, मार्लेनी. आज तू एकदम वर गेलीस?”

“त्या लिमाच्या मास्तरीणबाईंना दम लागला, मावशी. म्हणाल्या, हात धर, नाहीतर इथूनच परत फिरते.”

“मग? कसा आहे गं आपला डोंगर?”

“खालून दिसतो त्याचं काही खरं नाही! लाल, पिवळा, हिरवा, पट्टेच्या पट्टे. तू विणलेली शाल पांघरून बसलाय नुसता.”

“चल, काहीतरीच!”

“शपथ! आणि पलीकडे आउसांगाते शिखराचा बर्फ.”

“फोटो तरी काढायचास.”

“फोन खिशात होता. पण हात गुंतलेला ना!”

“एवढा घट्ट धरला होता बाईंनी?”

“बाईंनी कधीच सोडला होता. मीच धरून उभी होते.”

फोर्तुनातानं तोंडातली पानं थुंकली आणि गुडघ्यावर हात टेकून ती उठली, चढणीकडे वळली.

“धर माझा घोडा.”