रविवारचा दरबार

हाडांच्या दवाखान्यात हात गळ्यात बांधून बसलेल्या शिक्षिकेचं मासिकातलं लक्ष केव्हाच उडालं होतं. शेजारच्या बाकावर एक उतारवयाचं जोडपं बसलं होतं. नवऱ्याचा पाय प्लॅस्टरमध्ये होता.

“रविवारी खेळ आहे गं. माणसं राजा-राणीचे, शिपायांचे कपडे घालून रानात जमणार, दिवसभर दरबाराची गोष्ट जगणार. आणि खेळ चालवणारा मी असा लंगडा!”

“रद्द करा.”

“सगळे हिरमुसतील. पण रानभर पळणार कोण? दरोडेखोर कधी सोडायचे, राणीला कट कधी कळवायचा...”

“कट जेवणानंतर कळवायचा. मागच्या खेपेला आधी कळवलात, तर कुणी धड जेवलं नाही.”

“तुला कुणी सांगितलं?”

“त्या सगळ्यांचे झगे कोण शिवतं? मापं घेताना बोलतात माणसं. तुमचा सेनापती तर रडकुंडीला आला होता. एकदाही जिंकू देत नाही म्हणे तुम्ही त्याला.”

“तूच म्हणतेस ना, घोडे झाले तरी पोरखेळ सुटत नाही?”

“म्हणते. खोटं आहे का?”

“मग... चालवशील रविवारचा खेळ?”

“तुम्हीच चालवा, झाडाखाली खुर्ची टाकून. निरोप घेऊन मी पळेन.”

“निरोप्यालाही वेश लागतो हं.”

“शिवून ठेवलाय.”

“कधी?”

“झाली काही वर्षं. आता कमरेत सैल करावा लागेल.”

“अगं, मग आधी बोलली का नाहीस?”

“बोलावल्याशिवाय दरबारात कोण येतं?”