पाठीतला बाक

एकोणऐंशी साली भंडाऱ्याच्या स्टँडवर शकुंतलाबाई नागपूरच्या गाडीची वाट पाहत होत्या. शेजारी एक नवरा-बायको आणि मधे जन्मापासून पाठीत बाक असलेली त्यांची लेक. नवरा सांगत होता,

“मांगून, पाठीकडून चिरून मणके जोडले तर पाय शाबूत राहतीन, पहिला डॉक्टर म्हणे. पण बाक पुरा जाणार नाही.”

“अन् दुसरा डॉक्टर?”

“तो छातीकडूनबी उघडणार, अर्धवट मणका काढणार. पोरगी सरळ होईन, पण पायाची जिम्मेदारी घेत नाही.”

“मंग सरळ कायले करता? खाटेवर निजवाले?”

“अवं, वाकडीसंग लगन कोण करन?”

“चालती तं राहीन!”

“हळू बोल, लोक आयकून राहिले.”

शकुंतलाबाईंनी मान वळवली.

“बाबा, मांगूनच सांगा,” मधली लेक म्हणाली.

“काहून वं, माय?”

“मांगून चिरलं तं मले दिसणार नाही ना.”